चाकाजवळ कोण होतं

नागपूर,
१२ फेब्रुवारी १९५४

चि. सौ. सुगंधास वच्छलाचे अनेक आशीर्वाद.

मुखरूले इथच्या मोठ्या दवाखान्यात आणून आज नववा दिवस. तार मिळाली असंल. तारेत 'जीव वाचला' एवढंच लिहिता आलं, म्हणून आता सगळं लिहून राह्यली.

माह्या भावाची उजवी मांडी दोन जागी मोडली आहे, कमरेचंही हाड सरकलं आहे. पाय वर टांगून त्याले दोरीनं वजन बांधलं आहे, म्हणजे हाड खेचून जागेवर यावं. कुशीवर होता येत नाई. डोक्याले मागून मार आहे. तीन दिवस तो मले ओळखत नव्हता. चवथ्या दिवशी डोळे उघडून म्हणते, "बाई, तू पोंभुर्ण्याले कवा आली?" मी म्हटलं, "अरे, तूच नागपूरले आला." तर लेकरासारखा रडला.

त्या दिवसाचं त्याले काहीच आठवत नाई. सकाळी बैल लावून बंडी जुतली एवढं आठवते, मंग एकदम दवाखाना. डॉक्टर मले विचारतात, लाकूड कसं पडलं, किती उंचावरून पडलं. मले काय माहीत? तू सगळं नीट लिहून कळव.

एक गोष्ट बापूजीले सांगू नको. माह्या बापाचं मन आधीच खचलं असंल. वार्डात जेवणाची चाकाची गाडी येते. तिचं चाक कुरकुरलं की मुखरू दोन्ही हातांनी खाटेची दांडी धरते आणि डोळे मिटून घेते. घाम फुटते त्याले. मी विचारलं, "काय होते रे?" म्हणते, "माहीत नाई बाई. अंगावर काई तरी येते असं वाटते." आता ते चाक वाजलं की मी आधी त्याचा हात धरते.

हे मिलमध्ये गेले की मी डबा घेऊन दवाखान्यात येते, सांजेपर्यंत बसते. तू केव्हा येते? मूलहून छोट्या रेल्वेगाडीत बस, इतवारीले उतर, मी घ्यायले येईन. मुखरू तोंडानं म्हणत नाई, पण दाराकडे पाहत राह्यते.

तुझी,
वच्छला


पोंभुर्णा,
२१ फेब्रुवारी १९५४

तीर्थरूप वच्छलाबाईस सुगंधाचा नमस्कार.

पत्र मिळालं. बापूजीले मीच वाचून दाखवलं, चाकाचं सोडून.

तुमी विचारलं म्हणून लिहिते. जंगलाचा जो तुकडा ठेकेदाराले तोडाले देल्ला आहे, तिथी सागाचे ओंडके बंडीवर चढवणं चालू होतं. जागा उताराची. बैल सोडलेले. बंडीले दोन बल्ल्या, लांब वाशांसारख्या, तिरप्या लावतात, त्यावरून ओंडका वर जाते. एक जण पलीकडून दोर ओढते, एक जण खालून रेटते. वारलू दोर ओढत होता, हे खालून रेटत होते. तिसरा गडी तापानं घरी होता. वारलूच्या हातून दोर सुटला आणि ओंडका यायच्या अंगावर आला. सगळे असंच सांगतात. मी दुपारची शिदोरी देऊन त्याच्या आधीच घराकडं निघाली होती. मी काही पाह्यलं नाई.

ठेकेदारानं वारलूले कामावरून काढलं. दुसराही कोणी घेत नाई. लोक म्हणतात, याच्यासंगं दोर धरणं म्हणजे मरण. त्याची बायको रुखमा नाल्यावर धुणं घेऊन येते तं बायका उठून जातात.

तिकडं यायचं मन होते, पण बापूजीचा खोकला वाढला, म्हैस विण्यावर आहे. थोडं थांबून येईन. त्यायले सांगा, त्या दिवसाचं जास्त आठवाले जाऊ नका. डोक्याले त्रास होईल.

आपली,
सुगंधा


नागपूर,
४ एप्रिल १९५४

चि. सौ. सुगंधास आशीर्वाद.

दीड महिना पत्र नाई, तू काळजी केली असंल. मार्चात मांडीची जखम चिघळली. ताप उतरेना. डॉक्टरांनी मले बाहेर बोलावून सांगतलं, पाय कापावा लागला तर कागदावर सही लागंल. मी सही केली. सहा दिवस तो कागद त्यायच्या टेबलावर होता आणि मी मुखरूजवळ बसून त्याचं अंगठ्याचं नख कापून देत होती, जसं काही झालंच नाई. तुले लिहिलं असतं तर ते खरं होईल असं वाटे. सातव्या दिवशी ताप उतरला. कागद त्यायनं फाडला, मी तुकडेसुद्धा मागून घेतले.

आता पायाले प्लास्टर आहे. मुश्ताकभाई म्हणून एक जण रोज येते, लोकायचे हातपाय चालवून देणं हेच त्याचं काम. दाढी पांढरी, पण हात लोखंडाचे. आधी फक्त पायाची बोटं हलवाले लावली. मुखरू म्हणे, "हलत नाई." तो म्हणे, "तू हुकूम दे, बोट सुनेगा." अकरा दिवसांनी अंगठा हलला. मी पाह्यला.

आता दुसरी गोष्ट. परवा मी पाय चोळून देत होती तर एकदम म्हणते, "बाई, सुगंधा चाकाजवळ बसली होती."

मी म्हटलं, "ती तर शिदोरी देऊन निघून गेली होती."

"नाई. चाकामागच्या दगडावर तिचा पाय होता. मीच म्हटलं होतं तिले, दाबून धर."

मी तुझं पत्र त्याच्या हाती देलं. तिसरीपर्यंत शिकला आहे, अक्षर लावत लावत वाचलं. मंग म्हणते, "मंग मले असं काऊन दिसते?" डॉक्टर म्हणतात, डोक्याच्या मारानं एका दिवसाची गोष्ट दुसऱ्या दिवसात मिसळते. तू त्याच्या नावानं दोन ओळी लिही, म्हणजे त्याचं समाधान होईल.

तुझी,
वच्छला


पोंभुर्णा,
१५ एप्रिल १९५४

तीर्थरूप वच्छलाबाईस नमस्कार.

पाय वाचला हे वाचून देवापुढं दिवा लावला.

त्यायले सांगा, मी नव्हती. आधी कधी तरी बसली असंल, दगड धरला असंल, त्या दिवशी नाई. डॉक्टर म्हणतात तसंच आहे. त्यायनं पुन्हा पुन्हा विचारलं तं तुमी बोलणं दुसरीकडं न्या.

इथी सगळं ठीक. वारलू दर बाजाराच्या दिवशी अंगणाच्या बाहेर येऊन उभा राह्यते. पानाच्या द्रोणात चारोळी आणते, कधी डिंक. विचारते, "कसा आहे मुखरू?" मागच्या वेळी म्हणाला, "वहिनी, दोर माह्याच हातून सुटला. झटका आला तं मले कळलंच नाई. मी अजून घट्ट धरायले पायजे होता." हात पुढं करून तळवे दाखवले. दोराचे वळ अजून आहेत, कातडी नवी आलेली. मी पाणीसुद्धा विचारलं नाई. दार लावून घेतलं. बापूजी म्हणाले, "बरं केलं."

त्याची सावली अंगणात पडली की मी मागच्या दारानं गोठ्यात जाते. राग नाई, असंच.

ते आता किती बरे आहेत? सगळं आठवाले लागलं का?

आपली,
सुगंधा


नागपूर,
२२ जून १९५४

सुगंधास,

आज आशीर्वाद लिहाले हात होत नाई.

पाचवा महिना चालू आहे. मूलहून गाडी रोज सुटते. म्हैस केव्हाच व्याली असंल. तुमच्याकडचा एक माणूस बांबू घेऊन इथी आला होता, तो म्हणाला, सुगंधा पंधरा दिवस माहेरी राहून आली. बापूजीचा खोकला तवा कुठी गेला होता? आपल्यात बाया दुसऱ्याशी पाट लावतात हे मले माहीत आहे. लंगड्या नवऱ्यासंगं जन्म काढायचा नसंल तर तसं लिहून कळव, मी त्याले सांगीन. पण असं टांगून ठेवू नको.

प्लास्टर निघालं. पाय काठीसारखा झाला, गुडघा वाकत नाई. मुश्ताकभाई वाकवते तवा मुखरू तोंडात कपडा धरते. ते मी पाहू शकते. पण आता त्यानं तेही सोडलं. भिंतीकडे तोंड करून पडला राह्यते. मी हात जोडले, रागावली, काही उपयोग नाई. शेवटी परवा म्हणाला, "बाई, पायाचं मले भेव नाई. माहं डोकं गेलं. मले ती चाकाजवळ दिसते, डोळे उघडे ठेवून दिसते. तिच्या लुगड्याचा पदर चाकाले लागला होता, तो मी हातानं काढला. जे झालंच नाई ते मले दिसते, तं उद्या मी कोणाले काय करीन, काय बोलीन? मले घरी नेऊ नका. वेड्याच्या दवाखान्यात टाका."

आमच्या मोहल्ल्यातला एक माणूस असाच गेला होता. तो परत आला नाई. मले आता रोज दवाखान्याची पायरी चढाले भेव वाटते, की आज तो मलेही ओळखणार नाई.

उत्तर लवकर दे.

वच्छला


पोंभुर्णा,
२ जुलै १९५४

तीर्थरूप वच्छलाबाईस नमस्कार.

पाटाचं मनात आणू नका. तसं काही नाई.

वारलू सहा दिवसांपासून घरी नाई. रुखमा आली होती. घरातला दोर घेऊन गेला म्हणते. मी तिच्यासंगं त्याले शोधाले जाऊन राह्यली. बापूजी नाई म्हणतात, तरी जाते.

त्यायले वेड लागलं नाई. मी सांगते म्हणून त्यायले सांगा. आल्यावर सगळं लिहिते.

सुगंधा


पोंभुर्णा,
२० जुलै १९५४

तीर्थरूप वच्छलाबाईस,

हे पत्र आधी तुमी एकट्या वाचा, मंग त्यायले वाचून दाखवा.

मी तिथी होती. त्यायचं डोकं बिघडलं नाई. दगड, पदर, ते म्हणतात ते सगळं खरं आहे.

तिसरा गडी नव्हता. वारलू बैलायले पाणी पाजाले नाल्यावर गेला होता. हे जेवले, मी भांडी उचलली. म्हणाले, "जरा चाकाजवळ बस, दगड पायानं दाबून धर. एक ओंडका चढला की जा." मी बसली. वारलू पलीकडच्या बाजूनं आला, तिकडूनच त्यानं दोर धरला. मधी बंडीवर लाकडं होती, त्याले मी दिसली नाई. ओंडका अर्धा चढला आणि समोरच्या झुडपात काही तरी हललं. माकडं ओरडाले लागली, वाघ दिसल्यावर ओरडतात तशी. त्याच पंधरवड्यात बाजूच्या टोल्यावरच्या वस्तीतली गाय वाघानं नेली होती. माह्या तोंडातून आवाज निघाला नाई. मी उठली आणि पळाली. दगडावरचा पाय काढला हे पळाल्यावर कळलं. मागं चाक वाजलं, बंडी सरकली, लाकूड पडल्याचा आवाज आला. मंग त्यायनं आरोळी मारली. माहं नाव घेऊन मारली.

मी थांबली नाई.

घरी येऊन भांडी घासाले बसली. लोक सांगाले आले तवा माह्या हाताले राख होती. वाघ होता का रानडुक्कर, मले आजही माहीत नाई.

त्या दिवशी सांगणार होती. पण सगळे म्हणाले, वारलूच्या हातून दोर सुटला, आणि मी गप्प राह्यली. तुमचं पत्र येई, ताप उतरला, अंगठा हलला, तं मले आनंदाच्या ऐवजी भेव वाटे, की आता त्यायले आठवंल. माणूस बरा होऊन राह्यला आणि त्याची बायको पत्र उघडाले भेते. माहेरी गेली ती बंड्यायचा आवाज चुकवाले. तिथीही बंड्या होत्याच.

वारलू तीन कोसांवर त्याच्या मामाच्या टोल्यावर सापडला. रुखमा आणि मी पायी निघालो. प्रत्येक मोठ्या झाडाकडे वर पाहून आमी पुढं जात होतो. तो जिवंत होता. झाडाले दोर बांधून ओढत होता. मामा म्हणाला, दिवसभर हेच करते, हात धरतात का नाई ते पाहते. तळव्यातून रक्त येत होतं. मी मामासमोर, टोल्यावरच्या चार लोकायसमोर सगळं सांगतलं. वारलूनं हातातला दोर खाली टाकला. मंग म्हणाला, "म्हणजे दोर माह्या हातून सुटला नाई?"

मी म्हटलं, "नाई. बंडी सरकली. माह्यामुळं सरकली."

तो खाली बसला. मले शिवी देईल, मारंल असं वाटलं. पण त्यानं रुखमाले म्हटलं, "भूक लागली." रुखमा चुलीकडे गेली आणि तिथी तोंडात पदर घालून रडली.

ठेकेदाराच्या मुन्शीले मी स्वतः जाऊन सांगतलं. वारलूले काम परत भेटलं. बापूजीले सांगतलं. ते माह्या हातचं जेवत नाईत, स्वतःचा भात स्वतः टाकतात. खोकला खरंच आहे त्यायले. शेतात, बांधीत धानाचा रोवणा चालू आहे, बायका माह्या रांगेत उभ्या राहात नाईत.

आता ते जे म्हणतील ते.

सुगंधा


नागपूर,
११ ऑगस्ट १९५४

सुगंधा,

पत्र जुलैच्या २६ तारखेले मिळालं. वाचून मले तुझे केस धरून ओढावं असं झालं, खोटं कायले बोलू? त्याच दिवशी मुखरू दोन दांड्यांमधी पहिल्यांदा उभा राह्यला होता. मुश्ताकभाईनं त्याले उचलूनच उभा केला होता. वीस मोजेपर्यंत उभा होता. मले वाटलं, आता वाचून दाखवलं तर हा पुन्हा पडंल आणि उठणार नाई. मी पत्र थैलीत तळाशी घातलं आणि नऊ दिवस तशीच फिरली.

मुश्ताकभाईनंच विचारलं, "बहनजी, ये थैली आप नीचे क्यों नहीं रखतीं?" कोणाले तरी सांगावंच लागलं. ऐकून म्हणाला, "इसका पाँव मैं चला दूँगा. सर की गाँठ आपकी थैली में पड़ी है."

मंग वाचलं. तो टक लावून ऐकत होता. 'मी तिथी होती' हे त्यानं तीनदा वाचाले लावलं. मंग हसला. या सगळ्या महिन्यांत पहिल्यांदा. "बाई," म्हणते, "माहं डोकं शाबूत आहे!" बाजूच्या खाटेवरच्या माणसालेही सांगतलं. मले वाटलं, झालं, संपलं.

दुसऱ्या दिवशी गेली तर तोंड काळं पडलं होतं. म्हणाला, "मी तिचं नाव घेतलेलं तिनं ऐकलं. ऐकून थांबली नाई." एवढंच. तुह्याबद्दल मी काही काढलं की हात वर करून थांबवते. कसरत मात्र सोडत नाई. दात खाऊन करते, पडते, शिव्या देते, पुन्हा उठते. हे बरं का वाईट, मले कळत नाई.

काल म्हणाला, "तिले लिही, मले घ्यायले येऊ नको."

मी लिहिलं. तू वारलूपुढं गेली ते मले समजलं. त्याले काय समजलं ते मी सांगू शकत नाई.

वच्छला


नागपूर दवाखाना,
१० ऑक्टोबर १९५४

सुगंधा,

हे पत्र मी लिहून राह्यलो. अक्षर वाकडं आहे. बाईले माहीत नाई.

मी कुबड्यांवर चालतो. उजवा पाय दोन बोटं आखूड झाला. गुडघा अर्धाच वाकते. आता बंडीवर लाकडं चढवणं माह्यानं होणार नाई. बसून करायचं काई तरी पाहीन.

राग कशाचा आहे ते सांगतो. पळण्याचा होता, आता नाई. तू मले चार महिने वेडा होऊ देलं, त्याचा आहे. मी तुले डोळ्यानं पाहत होतो आणि तू लिहीत होती, मी नव्हती. मी माह्याच डोक्याले भेत होतो. ते मी विसरणार नाई. विसरलो असं तोंडानं म्हणणारही नाई.

पळण्याचं असं झालं. भादव्यात पाण्यानं वार्डात साप आला. माह्या बाजूच्या खाटेवर लच्छू म्हणून माणूस आहे, त्याचे दोन्ही पाय प्लास्टरमधी. साप त्याच्या खाटेखाली गेला. मी कुबड्या घेतल्या आणि व्हरांड्यात आलो. तिथी आल्यावर कळलं, मी चाललो, कोणी धरलं नाई. आणि मंग ऐकू आलं, लच्छू आतून ओरडत होता, "मुखरूभाऊ, मुखरूभाऊ." आधीपासूनच ओरडत असंल. मले ऐकूच आलं नाई का ऐकूनही पाय थांबले नाई, हे मी तवापासून शोधून राह्यलो. मी परत गेलो. तवर झाडूवाल्यानं साप मारला होता. धामण होती. लच्छू दोन दिवस माह्याशी बोलला नाई. तिसऱ्या दिवशी त्यानं बिडी मागितली.

सोमवारी, १८ तारखेले सुट्टी देतात. बाई इतवारीपर्यंत येईल. छोट्या गाडीनं मूलले सांजेच्या आधी पोचतो. वारलूले म्हण, तुहीच बंडी आण. दुसऱ्याची नको. बापूजीले यायची गरज नाई, खोकला आहे.

तू ये. मूलपासून घरापर्यंत बंडीत बसायचं आहे आणि मले चाकाचं अजून भेव वाटते. हे मुश्ताकभाईलेही जमलं नाई. तू माह्याजवळ बस. घरी गेल्यावर काय होईल ते मले माहीत नाई, तुलेही नसंल. वाटेत जंगल लागंल. तुले भेव वाटलं तं पळ, मी नाई म्हणत नाई. पण मले हाक मारून पळ. मले आता उठाले वेळ लागते.

मुखरू